मिरगीच्या रुग्णाचे ताट

रमजान जवळ आला की आमच्याकडे एका आजाराविषयीची पत्रे वाढतात. आजार एकच, नावे अनेक. कुणी मिरगी लिहिते, कुणी फिट, कुणी आकडी, कुणी फेफरे. डॉक्टरांच्या कागदावर अपस्मार किंवा एपिलेप्सी असते. प्रश्नही साधारण तेच असतात. मुलीचे अंडे, मटण बंद केले, ते बरोबर आहे का? वांगे, केळे, दही चालते का? तिला रोजा ठेवायचा आहे, ठेवू द्यावा का? ‘किटो डाएट’ने फिट बंद होतात असे मोबाईलवर पाहिले, ते घरी सुरू करावे का? सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या अशा प्रश्नांची उत्तरे या महिन्याच्या सदरात एकत्र देत आहोत.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. मिरगीच्या बहुतेक रुग्णांना वेगळा आहार लागत नाही. त्यांना लागते ती वेळ. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, झोप वेळेवर. आमच्या घरांमध्ये मात्र नेमके उलटे होताना दिसते. ताटातून एकेक पदार्थ काढून टाकला जातो आणि गोळी चुकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट निदान व नियमित उपचार मिळाले तर त्यांच्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. हे साध्य होते ते प्रामुख्याने औषधाने. आहाराचे काम त्या औषधाला साथ देण्याचे.

काय बंद करावे?

अंडे ‘गरम’ पडते, वांग्याने वात होतो, दह्याने फिट येते, केळ्याने कफ होतो, मटणाने रक्त तापते, असे सल्ले शेजारपाजारच्या खाला, फुफ्फू आपुलकीनेच देतात. पण या पदार्थांनी फिट येते याला वैद्यकीय आधार नाही. एखाद्या रुग्णाला विशिष्ट पदार्थानंतर दोन-तीन वेळा त्रास झाला असे वाटत असेल, तर वहीत तारीख, वेळ, काय खाल्ले, किती झोप झाली, गोळी घेतली होती का, हे सगळे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा असे दिसते की त्या दिवशी दही खाल्ले होते हे खरे, पण आदल्या रात्री घरात लग्न होते, झोप झाली नव्हती आणि रात्रीची गोळीही राहिली होती.

पथ्याच्या नावाखाली नुकसान मात्र खरे होते. वयात आलेल्या मुलीचे अंडे, मटण, मासे, दही एकदम बंद केले की प्रथिने, लोह आणि कॅल्शियम कमी पडते. आधीच आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असते. त्यात ही भर पडली की थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि दोष पुन्हा मिरगीला दिला जातो.

सोलापूरच्या रोजच्या जेवणात या रुग्णांसाठी चांगले ते पुष्कळ आहे. ज्वारीची भाकरी, तूरडाळ किंवा मसुरीचे वरण, मेथी, पालक, शेपू, चवळी, मटकी, शेंगाची चटणी, ताक, अंडे, आठवड्यातून एक-दोनदा मटण, कोंबडी किंवा मासे. एवढे ताटात असले तर महागड्या पावडरीचे डबे आणायची गरज नाही. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

विडी वळणाऱ्या भगिनींना इथे विशेष सांगायचे आहे. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा म्हणून सकाळी नुसता चहा आणि दुपारी तीनला पहिला घास, असा दिवस बऱ्याच घरांत जातो. फार वेळ उपाशी राहणे, अंगातले पाणी कमी होणे आणि झोप तुटणे, या गोष्टींनी काही रुग्णांना फिट येते. मोठे जेवण जमत नसेल तर सकाळी शिळ्या भाकरीचा तुकडा आणि ताक घ्या, पण पोट रिकामे ठेवू नका.

गोळी आणि जेवण

औषधांचाही आहाराशी संबंध आहे. तो माहीत असावा, म्हणजे डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता येतात.

फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त आणि उपयोगी औषधे आहेत. ती वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील ड जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या आणि अंगावर ऊन कमी पडणाऱ्या स्त्रियांना हा धोका जास्त. गच्चीवर किंवा अंगणात सकाळी थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यावे. दूध, दही, नाचणी, तीळ, बारीक काट्यासकट खाता येणारे मासे आणि हिरव्या पालेभाज्या खाव्यात. ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, म्हणून रोज दोनदा दात घासणे चुकवू नये. ॲसिडिटीची गोळी किंवा कॅल्शियमची गोळी फेनिटॉइनबरोबर एकाच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे.

व्हॅल्प्रोएटने काहींना भूक फार लागते आणि वजन वाढते. अशा वेळी बिस्किटे, खारी, फरसाण, गोड सरबत कमी करावे. शेंगा, फुटाणे, काकडी, अंडे जवळ ठेवावे. वजन वाढले म्हणून गोळी मात्र स्वतःहून सोडू नये. हेच औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. म्हणून लग्न ठरले की, निदान गर्भ राहण्याच्या आधी, डॉक्टरांशी औषधाविषयी बोलावे. मिरगीचे कोणतेही औषध घेणाऱ्या स्त्रीने फोलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्यापूर्वीपासून सुरू करायची असते. तिचे प्रमाण डॉक्टर ठरवतात. सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या लपवतात, मग चुकवतात आणि फोलिक ॲसिड तर सुरूच होत नाही. ज्यांच्या घरात अशी सून येणार आहे त्यांना आमची विनंती आहे की आजार विचारून घ्या, समजून घ्या आणि गोळीची आठवण तुम्हीच करा.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड या औषधांनी काहींना घाम कमी येतो, अंग तापते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो हे सांगायला नको. अशा रुग्णांनी, विशेषतः मुलांनी, भर दुपारी बाहेर पडू नये आणि दिवसभर पाणी पीत राहावे. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन घेणाऱ्यांच्या रक्तातले मीठ कधी कधी कमी होते. त्यांनी उन्हाळ्यात नुसते पाणीच ढोसण्यापेक्षा अधूनमधून मिठाचे ताक, लिंबूपाणी, वरणाचे पाणी घ्यावे. रक्तदाब असेल तर मिठाचे डॉक्टरांना विचारावे. कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावे, त्याने रक्तातले औषध वाढते. त्याच्या जातीचे पपनसही टाळलेले बरे.

आणखी एक. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. सर्दीसाठी कापूर आणि निलगिरीच्या तेलाचा मारा मिरगीच्या रुग्णावर करू नये.

“आम्ही तर डुक्कर खात नाही”

या विषयावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिट आली, मेंदूचा फोटो काढला आणि अहवालात ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ लिहून आले. कुणीतरी सांगितले, हा डुकराच्या मांसातून होणारा जंत. झाले. घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बाहेर काही खाल्ले का, अशी चौकशी सुरू होते. काही जण तो कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतही नाहीत, मग उपचार रखडतात.

या घरांना आमचे सांगणे आहे की हा अहवाल म्हणजे कुणाच्या खाण्यावरचा ठपका नाही. या जंताचे दोन प्रवास असतात. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. ती अंडी मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, की त्या दुसऱ्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. म्हणजे मेंदूचा आजार अंडी पोटात गेल्याने होतो. तो शुद्ध शाकाहारी माणसाला होतो, डुक्कर कधी न पाहिलेल्यालाही होतो. १९९२ साली न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू वस्तीतील चार रुग्णांची नोंद अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्यूंमध्येही डुक्कर निषिद्ध आहे. शोध घेतल्यावर असे दिसले की पट्टकृमीची बाधा असलेल्या घरकामगारांकडून ही अंडी त्या घरांत पोहोचली असावीत.

कोबीतला किडा डोक्यात जातो, हा समजही यातूनच आला. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. दोष असतो तो मैल्याचे पाणी लागलेल्या शेतातल्या, न धुता कच्च्या खाल्लेल्या भाजीचा. कोबी शिजवून खाल्ला तर भीती नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, पातीचा कांदा, काकडी वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा चोळून धुवावी. हातगाडीवरच्या भुर्जी किंवा कबाबाबरोबर मिळणारा कापून ठेवलेला कांदा-कोबी आणि इफ्तारच्या वेळी रस्त्यावर मिळणाऱ्या चिरलेल्या फळांच्या बशा टाळाव्यात. फळ आणून घरी धुऊन कापावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अहवालात हा आजार आला असेल तर जंताची गोळी मेडिकलमधून आणून स्वतःहून देऊ नये. मेंदूत सूज येऊन त्रास वाढू शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

रोजा ठेवावा का?

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची असतात. आजारी माणसाला रोजातून सूट आहे, हे आपण सर्व जाणतो. नंतर बरे वाटल्यावर कजा करता येते, आणि जो कधीच ठेवू शकणार नाही त्याच्यासाठी फिदियाची तरतूद आहे. याचा तपशील आपल्या आलिमांना विचारावा. तब्येतीपुरते सांगायचे तर निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून घ्यावा, तोही रमजानच्या आधी एक-दोन महिने.

गेल्या काही महिन्यांत फिट आली आहे, औषध नुकतेच सुरू केले किंवा बदलले आहे, दिवसातून तीन वेळा गोळी आहे, पूर्वी एकामागून एक न थांबणाऱ्या फिट आल्या आहेत, किंवा स्त्री गरोदर आहे, अशांनी रोजाचा आग्रह धरू नये. ज्यांना बराच काळ फिट आलेली नाही आणि गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदाच आहे, त्यांतील काहींना डॉक्टर परवानगी देतात. आपल्या भागात रोजा साधारण तेरा-चौदा तासांचा होतो. त्यामुळे दोन वेळची गोळी सहेरी आणि इफ्तारला बसवता येते का, की दिवसातून एकदाच घ्यायचे, सावकाश विरघळणारे औषध द्यावे, हे डॉक्टर ठरवतील. रमजानपुरती गोळी बंद ठेवणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. औषध एकदम थांबले की न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

रोजा ठेवणाऱ्याने सहेरी चुकवू नये. नुसता चहा आणि पाव पुरत नाही. भाकरी, वरण किंवा उसळ, अंडे, दही असे टिकणारे अन्न घ्यावे, पाणी नीट प्यावे आणि गोळी घ्यावी. इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर थोडे अन्न घेऊन गोळी घ्यावी. भजी-समोशांनी पोट भरून उलटी झाली तर गोळीही बाहेर पडते. झोपेचे तर विशेष सांभाळावे लागते. तरावीहनंतर विजापूर वेशीतल्या बाजारात मध्यरात्रीपर्यंत फिरायचे आणि चारला पुन्हा उठायचे, हे या रुग्णांना झेपत नाही. रात्री लवकर झोपून आणि फजरनंतर किंवा दुपारी पुन्हा झोपून सात-आठ तास पुरे करावेत. रोजात फिट आली तर रोजा सोडावा, गोळीचे पाहावे आणि पुढचे रोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नयेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. “एवढी तरणी पोर, आणि रोजा नाही?” असा सवाल दस्तरखानावर करू नका. त्या एका वाक्यामुळे मुली गोळी लपवून रोजा ठेवतात.

किटो डाएट

आता मोबाईलवरच्या प्रश्नाकडे. उपवासाने फिट कमी होतात हे निरीक्षण फार जुने आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी असा विचार मांडला की, उपाशी राहिल्यावर शरीर साखरेऐवजी चरबी जाळते, तीच स्थिती भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ आहार देऊन निर्माण करता येईल. हाच किटोजेनिक आहार. भारतात तो रुजवण्यात मुंबईचे बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जनक नाथन यांचे मोठे काम आहे.

त्याचा उपयोग खरा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १०२ मुलांवर त्याच्याच थोड्या सैल प्रकाराचा, म्हणजे सुधारित अ‍ॅटकिन्स आहाराचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ५० पैकी २६ मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आहार न घेणाऱ्या ५२ मुलांत हे ६ जणांच्या बाबतीत घडले. औषधे दोन्ही गटांत चालूच होती.

पण हा आहार कुणासाठी, ते नीट पाहावे. दोन योग्य औषधे पूर्ण प्रमाणात देऊनही फिट थांबत नाहीत, अशा रुग्णांसाठी, मुख्यतः मुलांसाठी, आणि काही विशिष्ट जन्मजात विकारांसाठी तो वापरतात. तो सोपा नाही. सैल प्रकारातही सुरुवातीला दिवसाला फक्त १० ते २० ग्रॅम कर्बोदके चालतात. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत ती सुमारे ४० ग्रॅम असतात. म्हणजे भाकरी, भात, साखर, बटाटा, बहुतेक फळे बंद. तूप, तेल, खोबरे, मलई, पनीर, अंडी यांवर मूल ठेवायचे. खोकल्याच्या गोड सिरपातली साखरसुद्धा मोजावी लागते. बद्धकोष्ठ, मूतखडा, कोलेस्टेरॉल वाढणे, उंची कमी वाढणे हे त्रास होऊ शकतात. काही जन्मजात विकारांत तर हा आहार जीवघेणा ठरतो, म्हणून आधी तपासण्या होतात. तीन महिने करून गुण पाहतात. गुण आला तर साधारण दोन वर्षे चालवून हळूहळू थांबवतात. मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघेही सोबत नसतील तर हा प्रयोग घरी करू नये.

रोजा हाच किटो, असेही काही जण म्हणतात. तसे नाही. रोज इफ्तारला सरबत, खजूर आणि जेवण होते, त्यामुळे शरीर त्या स्थितीत टिकून राहत नाही. रमजान आणि मिरगीवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. कुठे फिट कमी दिसल्या, कुठे वाढल्या.

स्वयंपाकघरात आणि फिटच्या वेळी

फिट येणाऱ्या स्त्रीने एकटीने चूल किंवा शेगडीजवळ उभे राहू नये. तळण, भाकऱ्या थापणे, उकळते पातेले उतरवणे ही कामे दुसऱ्याने करावीत. भाजी निवडणे, कणीक मळणे ही कामे तिने बसून करावीत. भाजण्याचे अपघात यामुळे पुष्कळ टळतात.

फिट चालू असताना तोंडात काहीही घालू नये. पाणी नाही, गोळी नाही, चमचा नाही. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचा ओढणी-स्कार्फ सैल करावा, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर थेट सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे; १०८ ला फोन करावा. पूर्ण शुद्ध आल्यावरच पाणी आणि अन्न द्यावे.

‘मिरगीची खात्रीशीर पुडी’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. अशा पुड्यांत मिरगीचीच नेहमीची औषधे, प्रमाण न सांगता मिसळलेली आढळली आहेत. पुडी संपली की फिट पुन्हा सुरू होते. हजार वर्षांपूर्वी इब्न सिना यांनी आपल्या ‘अल-कानून’ ग्रंथात या व्याधीचा विचार मेंदूचा आजार म्हणूनच केला होता. आपण त्याकडे तसेच पाहावे.

खर्चाची अडचण असेल तर सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, दाखवावे. शाळा आणि अंगणवाडीतील मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात. झटक्यांचा आजार त्यांच्या तपासणी यादीत आहे, तेव्हा तो शिक्षकांपासून लपवू नये. स्वतः हा आजार अनुभवलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात संवेदना फाउंडेशन हा रुग्णांचा स्वमदत गट सुरू केला आहे. आपल्या शहरातही मोहल्ल्यामोहल्ल्यात पाच-दहा कुटुंबे अशी एकत्र बसू शकतील.

शेवटी एक छोटे काम सांगतो. भिंतीवर कॅलेंडर असतेच. त्यावर रोज गोळी घेतली की एक खूण करा, फिट आली तर वेळ लिहा, आणि पुढच्या तपासणीला ते पान सोबत न्या. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन गोळ्या एकदम घेऊ नका. मुलीच्या ताटातले अंडे मात्र आजच परत येऊ द्या.